कॉट्झिब्यू ते उत्कियाग्विक, सरळ रेषेत

मिल्या, ती रेघ मी उडून आलो बे. कॉट्झिब्यूहून निघालो आणि मध्ये कुठेही न टेकता उत्कियाग्विकला उतरलो, तुझ्यासोबत. इतकी वर्षं आपण ज्या रेघेवरून एकमेकांचं डोकं खाल्लं, तिच्यावरून तू मला शेवटी नेलंसच, आणि अख्ख्या वाटेत तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. तुझ्यासारख्या बडबड्याला हे शोभलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून दे म्हणून मागे लागलेत. जन्म कराडचा, शिक्षण अमुक, संशोधन तमुक, असं हवं होतं त्यांना. ते काम मी तुझ्या लॅबमधल्या लोकांवर ढकललं. मला तुझ्याविषयी बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचं आहे. तू जाऊन महिना होत आला, तरी ऑफिसातून घरी ड्राइव्ह करताना हात आपोआप तुझा नंबर लावायला जातो.

माझ्या कामाची तू कायम टर उडवलीस. आमच्या वेबसाइटवर जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाका, त्यांच्यातलं अंतर किती आणि उडायला वेळ किती, दोन्ही मिळतं. ती पानं माणूस लिहीत नाही, प्रोग्रॅम लिहितो, आणि तो प्रोग्रॅम मी लिहिला. दोन गावांमध्ये खरंच विमान जातं का, हे त्याला ठाऊक नसतं. तो दोन ठिपके घेतो, रेघ ओढतो, वेगाने भागतो आणि मोकळा होतो. तर तुला नेमकं ते एक पान सापडलं. अलास्काच्या पार उत्तरेला, समुद्राकाठी, दोन गावं. दोन्हींना बाहेरून रस्ता नाही. एका गावात तुझं घर, दुसऱ्या गावात तुझं काम, आणि मधे एकही नेहमीचं विमान नाही.

तुझा पहिला फोन मला आठवतो. "नित्या लेका, मी आत्ता कॉट्झिब्यूच्या विमानतळावर बसलोय. तुझं पान म्हणतंय तासा-सव्वातासात घरी पोचशील. कुठाय विमान?"

"विमान नाही त्यात माझा काय दोष? अंतर तर तेवढंच आहे ना?"

"अंतर नकाशावर नसतं लेका, तिकिटावर असतं." मग तू ते पान रेडिओवरच्या बातम्यांच्या आवाजात वाचून दाखवलंस आणि शेवटच्या ओळीवर अडलास. "आणि हे काय? परतीचं अंतरही तेवढंच? हे तुला कोणी सांगितलं?"

"गणित आहे मिल्या. जायचं आणि यायचं अंतर सारखंच असतं."

"कराडहून इथं आणि इथून कराड, सारखं आहे?"

मी विषय बदलला. तू कराडला जाऊन किती वर्षं झाली होती ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. तुझ्या आई, आमच्या काकू, दर रविवारी फोनवर विचारायच्या, घरी कधी येतोस. तू म्हणायचास, हे एवढं उरकलं की. ते एवढं काही उरकलं नाही.

एकदा मी आलो होतो ना तिकडे, उन्हाळ्यात. कॉट्झिब्यूला तुझं काम बघितलं आणि मग तुझ्या घरी जायचं ठरलं. सरळ वर जायचं सोडून आपण खाली अँकरेजला उतरलो, तिथे मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याहूनही जास्त वर चढलो. द्राविडी प्राणायाम. तू सबंध प्रवासात खिडकीला नाक लावून खिदळत होतास. दर थोड्या वेळाने मला कोपर मारायचास, "बघ बघ, हे तुझ्या पानावर नाहीये." मी इतका वैतागलो होतो की अँकरेजला मी तुझ्याशी न बोलता जेवलो. आता वाटतं, दोन दिवस एकमेकांशेजारी बसायला मिळाले होते, ते मी फुगून घालवले.

तुझ्या घरी पोचल्यावर तू मला ॲग्नेसच्या तळघरात नेलंस. तुझी शेजारीण ॲग्नेस, तिच्या घरामागे जमिनीत एक लाकडी झाकण होतं. झाकण उचललं की खाली शिडी. बाहेर लख्ख ऊन, सूर्य मावळायचं नावच घेत नव्हता, आणि आपण दोघं शिडीने त्या गोठलेल्या जमिनीच्या पोटात उतरलो. तिच्या घरचे देवमाशाचं मांस तिथे ठेवायचे. भिंतींवर पांढरी बुरशी धरावी तसा बर्फ चढला होता. श्वास सोडला की तो बाहेर येऊन तिथेच लटकायचा. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं, इतकी शांतता.

"इथं ठेवलेलं तसंच्या तसं राहतं," तू म्हणालास. "तो कोपऱ्यातला तुकडा तिच्या वडिलांनी ठेवलेला. म्हातारा जाऊन जमाना झाला, तुकडा आहे." मग म्हणालास, "इथल्या कबरस्तानातले लोकही तसेच. कुणाची माती होत नाही. नुसते आडवे झालेत."

"शुभ बोल रे नाऱ्या," मी म्हणालो.

"मला काय वाईट वाटणार नाही इथं. तू म्हातारा होशील, टकल्या होशील, आणि मी आपला असाच. पण हे आईला सांगू नकोस हं."

मी शिडीकडे वळलो, तर तू माझा हात धरलास आणि दुसरा तळवा त्या भिंतीला लावलास. एकदम वेगळ्या आवाजात म्हणालास, "पण ही जमीन सुटत चाललीय नित्या. मागच्या उन्हाळ्यात खाली पाणी साठलं होतं. मी दरवर्षी हिचा ताप घेतो, आणि दरवर्षी थोडा चढलेला असतो." आणि मला टपटप ऐकू आलं. अगदी स्पष्ट, तुझ्या पाठीमागच्या अंधारातून.

"पाणी पडतंय कुठेतरी," मी म्हणालो.

"कुठं? मला नाही ऐकू येत," तू म्हणालास. टॉर्च सगळीकडे फिरवलास. सगळं कोरडं, पांढरं, टणक. वर आल्यावर तू हसत सुटलास, म्हणून मी तेव्हा धरून चाललो की तू माझी गंमत केलीस. मग कितीदा तरी विचारायचं मनात आलं, खरंच ऐकू आलं नव्हतं का बे तुला. राहून गेलं.

तुझी एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नाही, कारण सांगताना माझा आवाज बिघडतो. अमेरिकेत आल्यावर पिस्कॅटवेला आपण एकत्र राहत होतो, दोघंही विद्यार्थी, आणि नागपूरला माझे बाबा गेले. माझा व्हिसा असा अडकला होता की गेलो असतो तर परत येता आलं नसतं. मी दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतो. दहाव्याला तू मला उठवलंस, कुणाची तरी गाडी मागून आणलीस आणि समुद्रावर नेलंस. राइस कुकरमधल्या भाताचा पिंड तूच वळलास, तीळ पण कुठून पैदा केलेस देव जाणे. कावळा काही येईना. थंडीने आपले दात वाजत होते. तेवढ्यात एक सीगल आला आणि सगळा पिंडच घेऊन गेला. मी तुझ्याकडे बघितलं. तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "चालतंय. काकांना काही मागायचं नव्हतं. त्यांचं पोट भरलेलं होतं." बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा तेव्हा रडलो. तू पाठीवर हात ठेवून उभा राहिलास आणि चक्क काही बोलला नाहीस.

म्हणून तुझ्या लॅबमधून फोन आला तेव्हा जातोस का म्हणून मला कुणी विचारायची गरज नव्हती. तू कॉट्झिब्यूला कामाला गेला होतास, रात्री झोपलास आणि सकाळी उठला नाहीस. एवढंच. अमेरिकेत तुझं रक्ताचं कोणी नाही, आणि इमर्जन्सीला कळवायचं माणूस म्हणून तू माझं नाव देऊन ठेवलं होतंस, मला न विचारता. तुझं सगळं असंच.

मी लगेच माझ्या पद्धतीने हिशेब मांडला. कॉट्झिब्यूहून अँकरेज, नेहमीचं विमान आहे. तिथे दहन. अस्थी घेऊन मी कराडला जाईन, कृष्णा-कोयनेच्या संगमावर काकूंच्या हातून सोडीन. सरळ, स्वच्छ, कुणाला त्रास नाही. तसं सांगायला काकूंना फोन लावला. त्यांचं रडून झालं होतं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नितीन, असा परस्पर नको नेऊस त्याला. बाहेर गेलेलं माणूस आधी घरी आणतात. मग पुढचं."

"काकू, कराडला असं आणायचं म्हणजे फार अवघड आहे हो. कितीतरी दिवस जातील."

"कराडला कोण म्हणतंय? त्याच्या घरी ने. जिथं त्याची चूल आहे तिथं. घर बघितल्याशिवाय माणूस सुटत नाही."

मिल्या, बघ. तुझी आई इतकी वर्षं घरी कधी येतोस म्हणून विचारत होती, आणि त्याच बाईने एका वाक्यात घर उचलून तुझ्या दारात आणून ठेवलं. हे तुला ऐकायला मिळायला हवं होतं. तुझ्या छातीवरचा केवढा दगड उतरला असता.

बॅग भरत होतो तेव्हा आठ वर्षांची माझी अन्वी दारात येऊन उभी राहिली. तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाबा, इज मिलिंद काका वेटिंग फॉर यू? ऑर इज ही जस्ट देअर?" तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि निघालो.

अँकरेजवरून फिरवून न्यायचं तर मध्ये दोन दिवस तुला कुठल्या तरी गोदामात एकट्याला ठेवावं लागणार होतं. तेही माझ्या पचनी पडलं नाही. आपल्याकडे मयताला एकटं सोडत नाहीत. कॉट्झिब्यूला पोचल्यावर तुझ्या लॅबवाल्यांना म्हटलं, काहीही करा पण सरळ न्या. त्यांनी मार्थाला विचारलं. ही मार्था तुला तिच्या छोट्या विमानातून कुठल्या कुठल्या ओसाड जागी उतरवायची ना, तीच. हवा दोन दिवस खराब होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, आज जाऊ, उद्याचं मला माहीत नाही.

निघण्याआधी तिने मला माझं वजन विचारलं. तुझं विचारलं नाही. "मिलिंदचं मला पाठ आहे," म्हणाली. "त्याच्यासोबत नेहमी चार-पाच खोकी असायची. आज एकच आहे." मग फोनवर कुणाला तरी उड्डाणाची माहिती देत राहिली. कुठून, कुठे, इंधन किती, आणि शेवटी विमानात जीव किती तेही, "सोल्स ऑन बोर्ड, थ्री."

मी म्हटलं, "आपण दोघंच ना?"

तिने फोन ठेवला, हातमोजे चढवले. "नियमाने दोघं. पण तो माझ्या विमानात आहे. माझ्या विमानातल्यांना मी मोजते. उतरला की कमी करते."

मागच्या सगळ्या सीट काढलेल्या होत्या. तुझी लांब पेटी पट्ट्यांनी जमिनीला बांधलेली, आणि तिच्या शेजारी माझी एकच सीट. इतकी जवळ की माझा गुडघा तुला टेकत होता. वर तीन हेडसेट लटकत होते. एक तिने घातला, एक मला दिला, तिसरा उचलून तुझ्या पेटीवर ठेवला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "सवय."

आम्ही निघालो तेव्हा दुपार होती. सूर्य दक्षिणेला क्षितिजावर नुसता टेकलेला, वर चढायची काही चिन्हं नाहीत. आम्ही उत्तरेला जाऊ लागलो तसा तो मागे बुडत गेला. डोंगर ओलांडेपर्यंत मागे एक लाल पट्टी उरली, मग तीही गेली. दुपारच्या जेवणाची वेळ, आणि बाहेर निळा काळोख. डोंगर संपल्यावर खाली काहीच नव्हतं. दिवा नाही, रस्ता नाही, झाड नाही. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं तेही कळेना. विमान पुढे जातंय की एका जागी उभं राहून घरघरतंय, याचा मला अंदाज येईना.

तेव्हा हेडसेटमध्ये आवाज आला. आधी खरखर. मग ती थांबली, मग परत. आत घेतलेला आणि सोडलेला श्वास असावा तशी. मला वाटलं मार्था. पण ती स्तब्ध बसलेली. मी माझा श्वास रोखून बघितला. आवाज चालूच.

"मागचा माइक आहे," मार्था म्हणाली. "थंडीने असं करतो. काढून टाकू?"

"राहू दे," मी म्हणालो.

आणि मी बोलायला लागलो बे. आधी तुला शिव्या दिल्या, न सांगता गेल्याबद्दल. मग विचारलं, छातीत दुखत असेल तर कुणाला बोललास का नाहीस, नेहमी तर साधी सर्दी झाली तरी मला फोन करून पकवायचास. मग बाबांच्या पिंडाचं सांगितलं, त्या दिवसाबद्दल मी तुला कधी धन्यवाद म्हटलं नव्हतं. आपल्यात कुठे कोण म्हणतं. मी बोलत असलो की खरखर थांबायची. मी थांबलो की परत सुरू व्हायची. दोन-तीनदा मी मुद्दाम वाक्य अर्ध्यात सोडून बघितलं. प्रत्येक वेळी तसंच झालं. त्या माइकची रचनाच अशी असते, एक बोलत असला की दुसरा बंद पडतो, असं नंतर एकाने मला समजावून सांगितलं. असेल. मार्थाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती एकदाही मध्ये बोलली नाही.

आणि मिल्या, ऐक. कितीला निघालो आणि कितीला उतरलो, ते मी बघितलंच नाही. जगातल्या कुणीही माझं ते पान तपासलं नव्हतं, मला एकट्याला संधी मिळाली, आणि मी घड्याळाकडे ढुंकूनही बघितलं नाही. अजून मार्थाला फोन करून विचारता येईल. मी विचारणार नाही.

उत्कियाग्विकच्या धावपट्टीशेजारी गाड्या उभ्या होत्या, सगळ्यांचे दिवे चालू. मी समजलो कुठलं तरी मोठं विमान यायचं असेल. ते सगळे तुझ्यासाठी आले होते. त्यांनी तुला खांद्यावर घेतलं, मला फक्त एक कोपरा धरू दिला. तुझ्या घराचं दार उघडं होतं आणि घर गरम होतं. आत शिरलो तसा मला घाम फुटला, तू आत्ताच चहा टाकून आतल्या खोलीत गेला असावास असं ते घर होतं. ॲग्नेस म्हणाली, घर गार पडू दिलं तर पाइप फुटतात, म्हणून ती रोज येऊन हीटर बघत होती. तुला आम्ही बाहेरच्या गार खोलीत ठेवलं, जिथे तू बूट काढायचास, आणि आतलं दार सताड उघडं ठेवलं. कुकर ओट्यावर होता. स्वेटर खुर्चीवर. बाहेर कुठून तरी घणघण येत होती, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी, थांबून थांबून.

"हे कसलं?" मी विचारलं.

ॲग्नेस म्हणाली, "पोरांनी खणायला सुरुवात केलीय. जमीन दगड झालीय, वेळ लागतो. आम्ही कुणाला विचारलं नाही. पण तो इथलाच होता ना. तुम्हाला नको असेल तर बुजवून टाकतील, त्यात काही नाही." मग तुझ्या पेटीकडे बघत म्हणाली, "त्याच्या आईला विचारा."

झालं. माझा सगळा हिशेब तिथे मोडला. माझ्या खिशात अँकरेजच्या विमानाचं तुझं आणि माझं बुकिंग होतं. तू त्या तळघरात म्हणाला होतास ते मस्करीत की खरं, कोण सांगणार. मी एका माउलीकडून तिच्या मुलाची मूठभर राखही काढून घ्यायची का? कराडला उजाडेपर्यंत मी तुझ्याशेजारी कोट घालून बसलो. ती घणघण चालूच होती.

काकूंना व्हिडिओ कॉल लावला. पेटी बंद होती, ती दाखवली. त्यांनी पडद्यावर हात ठेवला, त्यामुळे मला नुसती बोटं दिसली. मग म्हणाल्या, "घर दाखव." मी फोन घेऊन फिरलो. ओटा दाखवला, डबे दाखवले, तुझा पलंग दाखवला.

"नीटनेटकं ठेवलंय," त्या म्हणाल्या. "खिडकीतनं काय दिसतं?"

"काही नाही काकू. अंधार आहे."

"लहानपणी अंधाराला फार भ्यायचा. संडासला जायला मला उठवायचा."

मग मी त्यांना खणण्याचं सांगितलं. सगळं सांगितलं, ॲग्नेस काय म्हणाली तेही. नको असेल तर बुजवतील, हेही. त्यांनी फोन जवळ धरला. मग म्हणाल्या, "तिथं पुरलं की माणूस आहे तसाच राहतो म्हणे. मिलिंदच मला म्हणाला होता एकदा. खरं का रे?"

आईला सांगू नकोस म्हणालास आणि स्वतःच सांगून बसलास होय. आणि बाकीचं सांगितलं नाहीस. ॲग्नेसचं तळघर मागच्या वर्षी पाण्याने भरलं आणि त्यांनी कायमचं बंद केलं, हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस. त्या जमिनीचा ताप किती चढलाय हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तुझ्यानंतर ते मला माहीत आहे. आणि काकू फोनमधून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हो काकू," मी म्हणालो. "तसाच राहतो."

"मग राहू दे त्याला तिथंच." त्यांनी पदराने चष्मा पुसला, परत घातला. "मी येईपर्यंत राहील ना?"

"राहील."

"किती वेळ लागतो रे यायला?"

मिल्या, हे सांगणं माझं पोटापाण्याचं काम. कुठल्याही दोन ठिकाणांमधला हा आकडा मी झोपेतसुद्धा सांगेन. तुझ्या आईचे गुडघे गेलेत, पासपोर्ट नाही, विमानात त्या आजवर बसलेल्या नाहीत. त्या कुठल्या प्रवासाचं विचारत होत्या तेही मला धड कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. आकडा मी सांगितला नाही.

"तुम्ही निघा काकू," मी म्हणालो. "अँकरेजला मी घ्यायला येतो."

दुसऱ्या दिवशी तुला ठेवलं. पोरांनी खोल खणलं होतं, मी बघून घेतलं. तळाला हात लावला, कोरडं होतं. मधे तुझा मामेभाऊ काकूंना पासपोर्टच्या ऑफिसात घेऊन गेला होता म्हणे, फोटो काढला, बोटांचे ठसे उमटेनात म्हणून परत बोलावलंय. त्या नवे बूट कुठले घ्यायचे ते मला विचारत होत्या. इथे हर्नडनला अंगणातला बर्फ उतरायला लागलाय, तिकडे अजून वेळ आहे. त्या निघतील तेव्हा निघतील. तू तेवढा जागचा हलू नकोस.